करवीर भागांतील वाकळ : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

पुणें येथील पेशवे दप्तराचे कागद सुमारें ३५,००० रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतून रियासतकार सरदेसाई यांनीं निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ ह्या काळांत प्रसिद्ध झाले व मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासास त्यामुळें निराळें वळण लागलें. कोल्हापूरच्या दप्तरांतील कागदहि असेच रुमालबंद आहेत. आपण संशोधक रुमालाची गांठ सोडतों, कागद हातीं घेतों आणि रुमाल बाजूस सारतों. ज्या वस्त्रानें तो कागद धुळीपासून राखला, तें कोठें विणलें, कशानें रंगविलें, हा प्रश्न आपल्या टिपणवहींत क्वचितच उतरतो. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय रुमाल हा नव्हे. परंतु वस्त्राकडे न पाहण्याच्या ह्याच संवयीमुळें आणखी एक साधन आपल्या डोळ्यांदेखत नाहींसें होत आहे, त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. तें साधन म्हणजे जुन्या वस्त्रांच्या तुकड्यांची, घरींच शिवलेली वाकळ.

अंथरण्या-पांघरण्याची वस्तु इतिहासाचें साधन कशी, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर आपल्या कागदांतच आहे. जुन्नर, दौलताबाद इत्यादि ठिकाणचे कागदी लोक जुने दोर, गोणपाटें, चिंध्या व रद्दी कुटून त्यांच्या लगद्याचा कागद करीत. म्हणजे घरांत जीर्ण झालेल्या वस्त्रास दोन वाटा मोकळ्या होत्या. एक कागद्याच्या कुंडीकडे जाई, दुसरी घरांतल्याच गांठोड्याकडे. पहिल्या वाटेनें गेलेल्या वस्त्राचें मूळ रूप पार मोडून जाई व त्यावर पुढें लिहिलेला मजकूर तेवढा आपल्या हातीं राहातो. दुसऱ्या वाटेनें गेलेलें वस्त्र मात्र आपल्या विणीसह, काठासह व रंगासह टिकून राहातें. सनदेचा कागद आणि त्या सनदेच्या धन्याच्या घरांतील वाकळ हीं एकाच ढिगांतून निघालेलीं भावंडें होत. एकाला आपण पेटींत ठेवतों व दुसरें ओसरीवर कुजूं देतों.

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिलाच कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या भागांत वाकळ म्हणतात. कानडी मुलखाच्या शिवेवर कौदी हें नांव ऐकूं येतें. गोधडी ह्या शब्दाचीं भावंडें हिंदींत गुदडी व गुजरातींत गोदडी अशीं आढळतात. तेव्हां तो शब्द एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. वाकळ शब्दाची गोष्ट निराळी. संस्कृत वल्कल याचें प्राकृत रूप वक्कल. हत्थ शब्दापासून ज्या रीतीनें हात झाला त्याच रीतीनें वक्कल शब्दांतील जोडाक्षर सुटून आद्य स्वर दीर्घ होतो, आणि शेवटच्या लकाराचा ळकार होणें हें तर मराठीच्या वळणास धरूनच आहे. झाडाच्या सालीचें वस्त्र ह्या अर्थापासून अंगावर घ्यावयाचें जाडेंभरडें आच्छादन ह्या अर्थापर्यंतचा प्रवासहि लांबचा नाहीं. ही व्युत्पत्ति मला ग्राह्य वाटते. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत वाकळ व गोधडी हे दोन्ही शब्द आले आहेत.

संस्कृत ग्रंथांत ह्या वस्तूस कंथा म्हणतात. येथें थोडें सावध राहाणें इष्ट. पाणिनीच्या सूत्रांत कंथा शब्द आहे खरा, परंतु तेथें तो स्थलनामांच्या संबंधांत आला असून वासुदेवशरण अग्रवाल यांनीं त्याचा अर्थ नगर असा घेतला आहे. त्या सूत्रांवरून पाणिनीच्या काळच्या गोधड्या सिद्ध करूं पाहाणें व्यर्थ होय. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांतील कंथा मात्र निःसंशय चिंध्यांचीच आहे. विनयपिटकाच्या महावग्गांत मगधांतील शेतांच्या बांधांप्रमाणें तुकडे जोडून भिक्षूंचें चीवर करण्याविषयीं बुद्धानें आनंदास सांगितल्याची कथा आहे. पुढें नाथपंथी योग्यांची गुदडी आली, आणि अगदीं जवळचें उदाहरण घ्यावयाचें तर गाडगे महाराजांस (१८७६-१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत. ह्या सर्व उल्लेखांत चिंध्यांचें वस्त्र विरक्तीचें चिन्ह म्हणून येतें. केवळ वाङ्मयावर विसंबणाऱ्याचा त्यामुळें असा ग्रह होण्याचा संभव आहे कीं, ही वस्तु संन्याशाची. कुणब्याच्या घरांतील वाकळीचा वैराग्याशीं काडीचाहि संबंध नाहीं. घरांत आलेल्या प्रत्येक हात कापडाचा शेवटच्या सुतापर्यंत उपयोग करून घेण्याच्या प्रपंचदक्षतेंतून ती निघाली आहे, आणि म्हणूनच तिच्यांत घराचा हिशेब सांपडतो.

हा हिशेब कसा मांडला जातो हें कळण्यास शिवण्याची रीति पाहिली पाहिजे. वाकळी शिवण्याचा काळ उन्हाळ्याचा. सुगी उरकलेली असते, पाऊस यावयाचा असतो, अंगण कोरडें असतें. वर्षभर गांठोड्यांत साठविलेलीं जुनेरें, धोतरें, पटके, सदरे व मुलांचीं अंगडीं सोडून त्यांतील धड भाग निराळे काढतात. जरीचे काठ बहुधा आधींच मोडींत गेलेले असत. म्हणून वाकळींत सांपडतात ते काठ सुती किंवा रेशमी. (जरीचा अभाव पाहून त्या घराची गरिबी अनुमानण्याची घाई संग्राहकानें करूं नये, हें ओघानेंच आलें.) त्यांतल्या त्यांत टिकाऊ लुगडें तळाला पसरून त्याच्या कडा ताणावयाच्या व त्यांवर दगड ठेवावयाचे, मग विटक्या, विरलेल्या कापडांचे थर, सर्वांत वर दुसरें लुगडें किंवा रंगीत तुकड्यांची जुळणी. थर एकमेकांस धरून राहावेत म्हणून कोठें कोठें पाणी शिंपडतात. कच्च्या सुताचे पदर पिळून केलेला दोरा जाड सुईंत ओवून कडेपासून धावदोरा घालावयास आरंभ होतो. दोघी-तिघी जणी निरनिराळ्या बाजूंस बसतात. टाक्यांच्या ओळी कडेशीं समांतर राहून चौकटींत चौकट अशा आंत आंत येतात व मध्यावर मिटतात. कडा प्रथम पक्क्या झाल्यामुळें आंतील सुटे तुकडे बाहेर सरकत नाहींत, हा ह्या रीतीचा व्यवहारी लाभ; शोभा त्याबरोबर आपोआप येते. अंथरावयाच्या वाकळीस थर अधिक, क्वचित् खालीं गोणपाटहि. पांघरावयाच्या वाकळीस कमी. पाहुण्यास बसावयास टाकावयाचें बसकूर आणि बाळाचें दुपटें हीं ह्याच जातीचीं लहान रूपें. दुपट्याला मात्र अनेकदां धुवून मऊ झालेलें जुनेरच लागतें, नवें कापड चालत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. वाकळ विरली तरी ती टाकीत नाहींत. तिच्यावर ठिगळें बसतात, आणि ठिगळांनींहि भागेना असें झालें म्हणजे ती सबंध वाकळच नव्या वाकळीच्या पोटांत भर म्हणून जाते. कडेला उसवलेली एखादी जुनी जाड वाकळ हातीं घेऊन पाहावें. वरच्या लुगड्याखालीं दुसरें लुगडें, त्याखालीं टाक्यांच्या जुन्या ओळी, त्यांखालीं आणखी एक विटलेला काठ, असा क्रम लागतो. १९४५-४६ सालीं सांकलिया व दीक्षित यांनीं पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केलें, त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. सातवाहनांपासून बहामनी काळापर्यंतची वस्ती तेथें मातीच्या थरांवरून उलगडली. वाकळींतील थर दोन हजार वर्षांचे नसतात, तीन-चार पिढ्यांचे असतात. पण वाचण्याची पद्धति तीच. खालचा थर वरच्याच्या आधीं बसला, आणि मधल्या थरांत सांपडलेली वस्तु त्याचा काळ सांगते, हे दोन नियम येथेंहि लागू पडतात.

काळ सांगणाऱ्या ह्या वस्तू कोणत्या? पहिली सूत. हातानें कांतलेल्या सुताची जाडी सारखी नसते. गिरणीचें सूत एकसारखें असतें. मुंबईची पहिली कापसाची गिरणी दावर यांनीं १८५४ सालीं काढली व ती १८५६ सालीं चालूं झाली; परंतु विलायती सूत त्याच्या कितीतरी आधींपासून बाजारांत येत होतें. म्हणून गिरणीच्या सुतावरून १८५६ ही मर्यादा घालणें चूक. येथें सूत फक्त स्थूल मानानें साक्ष देतें. दुसरी व अधिक भरंवशाची खूण रंगाची. पूर्वींचा तांबडा रंग आल किंवा मंजिष्ठ ह्यांच्या मुळांचा. जर्मनींत १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान यांनीं मंजिष्ठेंतील रंगद्रव्य कृत्रिम रीतीनें तयार केलें व अल्पावधींत तें जगभर विकलें जाऊं लागलें. कृत्रिम नीळ १८९७ सालीं बाजारांत आली. नुसत्या डोळ्यांनीं हे रंग ओळखण्याचा दावा कोणी करूं नये. परंतु रसायनशाळेंत एक-दोन सुतांवरून तो निर्णय होतो, आणि एवढीं सुतें वाकळीच्या उसवलेल्या कडेला सहज मिळतात. तिसरी खूण विणीची व काठांची. करवीर भागांत इरकली लुगड्यांचा प्रघात मोठा. त्यांचा टोपतेनी पदर व ठराविक काठ तुकडा हातभर असला तरी ओळखूं येतात. त्या काठांत नकली रेशीम दिसलें तर कापड विसाव्या शतकांतलें समजावें. चौथी खूण पॉलिएस्टर धाग्याची. हा धागा इंग्लंडांत १९४१ सालीं शोधला गेला व आपल्याकडे त्याचें कापड १९६० नंतर पसरलें; तो ज्या थरांत आहे तो थर व त्यावरील सर्व थर स्वातंत्र्योत्तर काळांतले.

मात्र नाण्यांच्या ठेव्याविषयीं जें आपण जाणतों तें येथेंहि विसरतां कामा नये. ठेव्यांतील सर्वांत नवें नाणें ठेवा पुरल्याच्या काळाची पूर्वमर्यादा दाखवितें, जुनें नाणें नव्हे. वाकळींत आलेच्या रंगाचा तुकडा सांपडला म्हणून वाकळ शंभर-दीडशें वर्षांची ठरत नाहीं. कोणा वृद्धेनें जपून ठेवलेलें आजेसासूचें लुगडें तिनें उतारवयांत फाडलेलें असूं शकतें. जुन्या वस्तूंच्या बाजारांत वाकळीचा भाव अलीकडे वाढूं लागल्यापासून विक्रेते सर्वांत जुन्या तुकड्याकडे बोट दाखवितात. घेणाऱ्यानें सर्वांत नवा तुकडा शोधावा.

ह्या दृष्टीनें पाहातां माझें असें मत झालें आहे कीं, आज जुन्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या बहुतेक वाकळी गिरणीच्या युगाचीं अपत्यें आहेत. हातविणीच्या काळीं सामान्य घरांत वस्त्रेंच थोडीं. तीं अंगावरच विरत. थरावर थर घालण्याइतकें जुनेर उरण्यास आधीं कापड स्वस्त व्हावें लागतें. इचलकरंजीस जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसविला. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०६ सालीं शाहू मिलचा पाया घातला. पन्नास वर्षांच्या आंत ह्या भागांत कापडाचा ओघ सुरू झाला. वाकळीस जुन्या ग्रामव्यवस्थेचा अवशेष मानून तिच्यावर हळहळणाऱ्यांस हें रुचणार नाहीं, पण रंग व सूत हीच साक्ष देतात. ओघ आटल्याचीहि खूण मिळावयास हरकत नाहीं. १९४३ सालीं सरकारनें कापड व सूत यांच्यावर नियंत्रण बसविलें, त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत ज्या वाकळी शिवल्या गेल्या त्यांत बोटभर रुंदीचे तुकडेहि जोडलेले दिसावेत, अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा खरी कीं खोटी हें पुरेशा वाकळींची मोजदाद झाल्याविना ठरणार नाहीं, आणि मोजदादीला आरंभहि झालेला नाहीं.

तो कां झाला नाहीं, ह्याचें कारण आपल्या साधनांच्या स्वभावांत आहे. अठरा कारखान्यांत फरासखाना होता. राजवाड्याच्या बिछायती, जाजमें व डेरे ह्यांचा जमाखर्च त्यांत लिहिला जाई. घोंगडें सनगरांनीं खड्ड्याच्या मागावर विणावें, त्याला चिंचोक्याची खळ द्यावी व तें बाजारांत विकावें, असा क्रम असल्यानें त्यावर पेठेंत मोल ठरे आणि त्याची नोंद राही. शिंपी गांवगाड्यांत अलुतेदार, म्हणून त्याचा हक्क कागदोपत्रीं दिसतो. वाकळ ना कारखान्याची, ना पेठेची, ना वतनाची. ती घरांतील बायकांनीं शिवावयाची, फार तर फिरत्या जमातींतील एखादीनें धान्य किंवा जुनें कापड घेऊन शिवून द्यावयाची. तिच्यावर कर नाहीं, तंटा नाहीं. आणि जेथें कर व तंटा नाहीं तेथें आपलें दप्तर मुकें असतें. धारवाड जिल्ह्यांतील नवलगुंदचे जमखाने तेथील मुसलमान स्त्रिया घरींच उभ्या मागावर विणीत आल्या, पण ते विकले जात म्हणून प्रसिद्धि पावले. घरांत विणलेल्या त्या जमखान्याला जें नांव मिळालें तें घरांत शिवलेल्या ह्या वाकळीला मिळालें नाहीं, ह्यांत दोहोंच्या कसबापेक्षां बाजाराचाच वाटा मोठा आहे.

बंगालची कथा ह्याहून वेगळी घडली, आणि ती आपणांस विचार करावयास लावणारी आहे. तेथील कांथा म्हणजे जुन्या साड्या-धोतरांच्या थरांवर काठांतून काढलेल्या दोऱ्यानें केलेलें शिवण व भरतकाम. गुरुसदय दत्त ह्या सनदी अधिकाऱ्यानें आपल्या फिरतींत खेड्यांपाड्यांतून अशा कांथा गोळा केल्या, त्यांचा संग्रह पुढें कलकत्त्याजवळ जोका येथें संग्रहालयांत ठेवला गेला. स्टेला क्रामरिश यांनीं १९३९ सालीं कांथांवर स्वतंत्र निबंध लिहिला. एक अधिकारी व एक विदुषी एवढ्यांनीं वस्तु वाचविली व तिला विद्वत्सभेंत आसन दिलें. आपल्याकडे त्याच दशकांत पेशवे दप्तराचे भाग निघत होते. वाकळीकडे कोणी वळलें नाहीं. अलीकडे गीता खंडेलवाल यांनीं महाराष्ट्रांतील गोधड्यांवर इंग्रजी सचित्र ग्रंथ लिहून ह्या उणीवेची कांहीं भरपाई केली आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील हल्याळ, यल्लापूर भागांतील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीवर परदेशीय अभ्यासकांनींहि लिहिलें आहे. कवंदीच्या चारी कोपऱ्यांस घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांस फूल म्हणतात. फुलांवांचून कवंदी नागवी दिसते असें त्या स्त्रिया सांगतात. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेंतले, म्हणून त्यांच्या शिवणकलेचें मूळहि तेथें शोधण्याचा मोह होतो. परंतु कडेपासून मध्याकडे चौकटी आणीत जाण्याची त्यांची रीति आपल्या वाकळीचीच आहे. रंगांच्या मांडणीविषयीं कांहींहि म्हणा, टाक्यांची चाल ह्या मुलखाची दिसते. आणि हा वाद तडीस नेण्यास करवीर, बेळगांव व कारवार ह्या तिन्ही भागांतील नमुने शेजारीं शेजारीं ठेवून पाहाणें जरूर आहे.

तें करावयाचें तर वेळ थोडा उरला आहे. नऊवारी लुगडें नित्याच्या वापरांतून गेलें, तेव्हां तळाला घालावयाचें अखंड लांब वस्त्रच गेलें. पॉलिएस्टरच्या साड्या सुईखालीं निसटतात, घाम शोषीत नाहींत. जुनें कापड शहरांत बोहारणीच्या भांड्यांवर जातें. सोलापुरी चादर व यंत्रावरचें ब्लँकेट स्वस्त मिळतें. इकडे शाहू मिलहि २००३ सालीं बंद पडली. घटस्थापनेच्या आधीं घरांतील सारीं अंथरुणें-पांघरुणें पंचगंगेच्या घाटावर नेऊन धुण्याचा कोल्हापूरचा जुना प्रघात. त्या धुण्यांत दर वर्षीं कांहीं वाकळी निकालांत निघतच. परंतु नदीनें स्वतः जें नेलें तें त्याहून फार मोठें. २००५, २०१९ व २०२१ ह्या वर्षांच्या महापुरांत, त्यांतहि ऑगस्ट २०१९ मध्यें, करवीर व शिरोळ तालुक्यांतील गांवेंच्या गांवें पाण्याखालीं गेलीं. भिजलेली जाड वाकळ लवकर वाळत नाहीं, कुजते व टाकावी लागते. पूर ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला जे ढीग पडले त्यांत काय गेलें ह्याची यादी कोणाजवळ नाहीं.

संग्राहकांस कांहीं सूचना करावयाच्या आहेत. वाकळ मिळाली तर ती धुऊं नये. जुने रंग फुटतात आणि सुतांत अडकलेली माती, राख, धान्याचा कोंडा ही साक्ष वाहून जाते. थर पाहाण्यासाठीं ती उसवूं नये. जेथें आपोआप उसवली असेल तेथेंच थर मोजावेत, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं, लांबी-रुंदी व टाक्यांच्या ओळींमधील अंतर टिपावें. घड्या घालून ठेवल्यास घडीवर कापड तुटतें, म्हणून स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून ठेवावी. पण ह्या सर्वांहून निकडीची गोष्ट निराळी आहे. सनदेवर नांव, गांव, तिथि लिहिलेली असते. वाकळीवर कांहीं लिहिलेलें नसतें. हें लुगडें थोरल्या जावेचें, हा पटका सासऱ्यांचा, हा तुकडा मुलीच्या बारशाचा, हें सांगणारी एक म्हातारी त्या घरांत असते, आणि तिच्या पश्चात् तें सांगणारें कोणी उरत नाहीं. म्हणून विकत घेण्यापूर्वीं तिच्यापाशीं बसून तुकड्यागणिक विचारावें व तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें. ज्या वाकळीबरोबर असें टिपण आहे ती, रंगानें उजळ परंतु मुक्या दहा वाकळींच्या बदल्यांतहि देऊं नये. घरच्यांस ती विकावयाची नसेल तर टिपण व छायाचित्रें एवढ्यावरच संतोष मानावा. आपलें काम तेवढ्यानेंहि होतें.

आरंभीं रुमालांचा उल्लेख केला, त्यासंबंधीं एक विनंति. पोथ्यांचीं बासनें व दप्तरांचे रुमाल पुष्कळदां नव्या खारव्याचे असले तरी, खाजगी घराण्यांच्या संग्रहांत जुन्या लुगड्यांचे किंवा अनेक तुकडे जोडून शिवलेलेहि असूं शकतात. अशा बासनावर आंतील पोथीचा शक किंवा दप्तराचें साल लागूं पडण्याचा संभव असल्यानें, निश्चित काळाचें शिवण मिळण्याची ती एक मोठी जागा आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं तुकडे जोडलेलें बासन असेल त्यांनीं तें पोथीपासून वेगळें न करतां त्याचें मोजमाप, काठाचें वर्णन व आंतील पोथीचा लेखनकाल एवढी माहिती ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी.